भाताच्या ओळीतले यंत्र

माझ्या यंत्राचे साचे गोदामातून अंगणात आणले, कारागीर वाजिदने त्यांवरची धूळ पुसली, आणि आता मी, रफीक गनी शेख, राहणार सिंदेवाही, धडधाकट व शुद्धीत असताना, कुणाच्या सांगण्याशिवाय, माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो.

घर, दुकान आणि बँकेतली ठेव पत्नी जैनब, मुलगा जुबेर आणि मुलगी अरीबा यांना शरियतप्रमाणे जावी. अरीबाकडून हक्कसोड लिहून घेऊ नये.

वेल्डिंगचे सामान कारागीर वाजिदला. माझ्या शिव्या त्याने फुकट ऐकल्या.

भातातले तण काढायच्या माझ्या यंत्राचे साचे शासकीय आयटीआयला द्यावेत. मापे कुणीही घ्यावीत. एकट्याचा हक्क कुणाचाही नसावा.

कारण सांगतो. मूळ आराखडा सरकारी संशोधन केंद्राचा. त्यावरून केलेली माझी पहिली यंत्रे चिखलात रुतली. ज्यांच्या भाताच्या बांधीत ती चालवून पाहिली त्या कमळाबाई म्हणाल्या, "रफीकभाऊ, हे ढकलाले रेडा लागते." मी यंत्र हलके करीत गेलो; त्यात मोडलेल्या यंत्रांचा खर्च केंद्राने सोसला. कोणता व्यापारी सोसता? शिवाय यंत्र चालते ते ओळींमधून, आणि तेव्हा ओळीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, कोणी करीत नव्हते. कृषी विभागाने गावोगाव बायांच्या हाती सरळ ओळ धरायला दोरी दिली. ओळी आल्या, मग माझे गिऱ्हाईक आले.

पुढे त्याच सरकारने खरेदीचे टेंडर पातळ पत्रा वापरणाऱ्या ठेकेदाराला दिले. तो राग मी कुणाच्या नावे करीत नाही. सोबत नेतो.

जुबेरला साचे नागपूरच्या एका कंपनीला विकायचे आहेत. "अब्बा, सरकारनं काय केलं जी? हात तं तुमचे होते." हात माझे होते. जोखीम त्यांनी घेतली.

वारसांच्या संमतीविना मृत्युपत्राने मला मिळकतीचा तिसरा हिस्साच बाहेर देता येतो. कंपनीने सांगितलेला भाव धरला, तर साचे त्याहून जास्त भरतात. जैनब आणि अरीबा राजी आहेत, म्हणून जुबेरनेही संमती द्यावी.

सही : रफीक गनी शेख
साक्षीदार : वाजिद खान, वेल्डर; देवाजी गुरनुले, शेतकरी, कमळाबाईंचे पती
सिंदेवाही, ९ जुलै २०२४

दुसऱ्या दिवशीची नोंद : सकाळी जुबेरने कागद वाचला. "मी संमती देत नाई. द्याचंच आहे तं जिवंतपणी द्या ना," म्हणाला. जिवंतपणी दिलेल्या देणगीला तिसऱ्या हिश्श्याची अट नाही. आयटीआयचे फाटक उघडले तेव्हा वाजिद आणि मी टेम्पोतून साचे उतरवत होतो.