घेराचे माप

नांदेड, ५ जानेवारी

ती. मडिवाळप्पा काकांस,
शरणार्थ, वि. वि.

बत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाशी फोनवर वाद नको, म्हणून लिहिते. मार्चमध्ये हिमालयात वीस दिवस चालायचे आहे. स्लीपिंग बॅग आणली. उंचीला बरोबर, पण चेन छातीपाशी ओढूनताणून लागते. रुंद मागितली, तर दुकानदार म्हणाला की ताई, थोड्या बारीक व्हा. दोन महिने आहेत, होईन. नाही झाले तर नाव मागे घेईन. काकूंना नमस्कार.

आपली लाडावलेली पुतणी,
दामिनी

लातूर, १४ जानेवारी

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे गृहीतकच चुकले आहे. ऊब कापडात नसते, भरणाने अडवून धरलेल्या हवेत असते. अंगाने आतून रेटले की भरण चेपते आणि हवा निघून जाते. मग झोपायच्या पिशवीवर छापलेले उणे दहा अंश तुझ्यापुरते खोटे ठरतात. अवाढव्यही नको, रिकामी जागा तापवताना शरीर थकते.

मताला पुरावा हवा. तुझ्याच बांध्याच्या काकूला विनंती केली. माझा जुना विद्यार्थी सिद्धेश्वर याच्या चिंचेच्या शीतगृहात, चार अंशांवर, ती मागवून घेतलेल्या दोन पिशव्यांत तास-तासभर पडून राहिली. मी दाराशी बसून टिपणे घेतली. अरुंद पिशवीत खांदे लई गार पडून राहिले, रुंद पिशवीत डोळा लागला, असे ती सांगते. चाळीस वर्षांत बायकोचे माप नीट विचारायची बुद्धी आत्ता झाली, हेही तिने टिपायला लावले. तिच्या धैर्यापुढे माझे शास्त्र थिटे आहे.

रुंद पिशवी पाठवतो आहे. ती चारशे ग्रॅम जड आहे. इस्लापूरहून नांदेडला पाच दिवसांत चालत आलेल्या मुलीला तेवढे जड नाही. मला स्वतःला ते अंतर जीपनेही नकोसे होते. पिशवी अंगाला बेतावी. नाव मागे घेण्यास आता कारण उरत नाही.

तुझ्या चालण्याचा अभिमान बाळगणारा,
मडिवाळप्पा

खिंडीखालचा मुक्काम, १९ मार्च

ती. काका-काकूंस,
शरणार्थ, वि. वि.

खाली जाणाऱ्या खेचरवाल्याजवळ हे पत्र देते आहे. आतापर्यंतच्या दहाही रात्री स्वस्थ झोपले. आमच्यातले तिघे थंडीने झोप न झाल्यामुळे परतले. पुढची वाट बर्फाने बुजली आहे. उद्या खिंड ओलांडायची. लीडरने सर्वांत पुढे मला ठेवले आहे. कारण विचारले, तर म्हणाला की तुम्ही पाय रोवलात की मागच्यांना रस्ता होतो.

लोभ तिथून इथवर पोचतो आहे, तो असाच राहू द्यावा.

आपली,
दामिनी