मामा, धुराचा रंग मी सांगायची

प्रिय मामा,

रातभर मला झोप न्हाई. डोळा मिटला की तुमचा ट्रॅक्टर दिसतो, मडगाडावर बसलेली माझी चिमी दिसती, आन ट्रॅक्टर काय थांबत न्हाई. म्हणून लिवतीया. सातवी शिकलेली सून वारलेल्या सासऱ्याला पत्र लिवती म्हणून कोणी हसलं तर हसू द्या. जित्या माणसांनी ऐकलं असतं तर तुमच्यापातूर यायची मला काय गरज व्हती?

आज तुमचं वर्षश्राद्ध. तुमची दोनी पोरं भाजी आन पत्रावळ्या आणायला पौडाला गेल्यात. आली की ट्रॉली जोडून माले फाट्यावर जाणार, एसटीनं येणारी माणसं आणायला. तुमच्या बहिणी, त्यांच्या सुना, पोरंटोरं, समदी त्या ट्रॉलीत बसून वस्तीचा चढ चढणार. विलासभावजी म्हणत्यात, "आण्णांच्या दिवशी माणसं आण्णांच्याच ट्रॅक्टरनं आली पायजेत." ट्रॅक्टरला हार बी आणणार हायेत.

आन तो ट्रॅक्टर निळा धूर टाकतोय, मामा.

परवा हे चिमीला मडगाडावर बसवून ओढ्याकडनं वर येत व्हते. चढाला लागल्यावर इंजिन आपल्या आपण पळाया लागलं. ह्यांनी रेस सोडली, तरी पळतंय. बंद करायचा नॉब ओढला, तरी पळतंय. मागं नुसता निळा ढग, झाडं दिसंनात. शेवटी हे ब्रेकवर उभं राहिले, वरचा गेर टाकून क्लच सोडला, तवा दणका बसून मेलं. मी धुणं टाकून पळत गेले. चिमीनं मडगाडाची दांडी अशी धरली व्हती की बोटं सोडवून घ्यायला लागली.

हे उतरून चाकापाशीच खाली बसले. मी बघितलं. आन सांजच्याला म्हणत्यात काय, तर "जुनं इंजिन हाय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, सवडीनं बांधून घेऊ."

मी म्हणलं, "आन चिमी?"

"तिला नको बसवायला."

तिला नको. मग तुमच्या बहिणींला चालतंय व्हय?

रिंगा काय एका दिसात जात्यात का, मामा? तुमीच सांगा. भावजींनी सर्व्हिसिंग केली त्याच्या आदल्या दिवसापातूर धूर बरा व्हता. म्हातारं इंजिन, सकाळी जरासा यायचा आन तापल्यावर जायचा. सर्व्हिसिंग झाली आन दुसऱ्या दिवशीपासनं हा ढग.

मी काल इंजिनातली तेलाची पट्टी काढून बघितली. पुसून परत घातली, परत काढली. तेल वरच्या रेघंला. निळा धूर म्हंजी तेल जळतंय, मग इंजिनातलं कमी व्हायला नको? मग जळतंय ते तेल कुटलं?

हे मला कोणी शिकवलं, सांगा ना. तुमीच. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तवापासनं तुमाला धुराचा रंग कळत नव्हता. तुमी ओट्यावर बसायचा, मी अंगण झाडायची, हे ट्रॅक्टर चालू करायचे, आन तुमी हळूच इचारायचा, "कसला हाय गं?"

"काळा, मामा."

"हवा कमी पडतीया, न्हाईतर डिझेल जास्त जातंय."

"आज पांढरा हाय."

"गार हाय इंजिन. तापल्यावर जातो का बघ. गेला न्हाई तर कुटंतरी पानी शिरतंय."

निळा आला की तुमी एकच म्हणायचा. "तेल जळतंय. मंग इचारायचं, खालचं का वरचं?" खालचं म्हंजी इंजिनातलं. वरचं म्हंजी एअर फिल्टरच्या वाटीतलं. धूळ धरायला वाटीत तेल असतं, ते खुणेच्या वर गेलं तर इंजिन हवेसंगं तेच तेल पितं आन कोणाच्या बापाला आवरत न्हाई. हे तुमचे शब्द हायेत, माझे न्हाईत.

आन मग तुमी काय करायचा? घरात जाऊन पोरांला सांगायचा, "मी धूर बघितला. फिल्टर साफ करा." मी बघितला! मला म्हणायचा, "सूनबाई, कोणाला बोलू नकोस. डोळं गेलं म्हणून कळलं तर पोरं मला ट्रॅक्टरला हात लावू द्यायची न्हाईत." मी न्हाई बोलले. तुमची लाज झाकली. पन माझं काय झालं, ते तुमी कधी मनात आणलं का?

काल मी भावजींला म्हणलं, "वाटी उघडून बघा, तेल जास्त झालं असंल."

तर म्हणत्यात, "वैनी, तुमी खिरीचं बघा. तेल मीच घातलंय, चांगलं काठापातूर. भूगावच्या प्लॉटांवर माती वाहायला जातो आपण, तितं धूळ किती असती? जास्त तेल, जास्त धूळ धरणार."

बघा, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. काठापातूर. मी म्हणलं, "काठापातूर न्हाई, खुणेपातूर."

हे आडवं पडल्या पडल्या म्हणाले, "एवढा जुना ट्रॅक्टर, धूर काय अगरबत्तीचा येनार?" दोगं बी हसले. मग म्हणाले, "आण्णांला नुसता धूर बघितल्यावर कळायचं. तू काय आण्णा लागून गेलीस?"

मामा, त्या वक्ताला मला तुमचा एवढा राग आला की तुमच्या फोटोकडं बघवंना. तुमी जाताना पोरांच्या हातात ट्रॅक्टरची चावी दिली. एक शब्द सांगायचा व्हता, "धूर सूनबाई बघती." एक शब्द! त्यानं तुमचं काय कमी झालं असतं? आता मी बोलले तर बायकी बडबड, आन तेच तुमी बोलला असता तर तुमची पोरं पाना घेऊन पळाली असती.

माझा दादा भरे गावात ट्रॅक्टरच्या ग्यारेजात कामाला हाय. मी त्याला फोन लावत व्हते, तर ह्यांनी फोन हातातनं काढून खिशात घातला. "माझ्या बापाच्या ट्रॅक्टरला तुझा भाऊ कशाला?" म्हणे. आज फोन त्यांच्याच खिशात पौडाला गेलाय. मला भ्या वाटतंय, मामा. ह्यांनी हात उगारला न्हाई कधी, पन आज घरात माणसं असणार, माणसांम्होरं मी त्यांला खोटं पाडणार. काय व्हईल ते मला ठावं न्हाई.

पन मी केलंय. सकाळी दोगं गेल्यावर ट्रॅक्टरजवळ गेले. वाटीच्या क्लिपा काढल्या. हातावरनं तेल खाली आलं, वाटी तुडुंब. तुमी बोट फिरवून दाखवलेली खूण तेलाच्या पार खाली बुडालेली. तुमच्या लेकानं तुमचंच इंजिन तुमच्या बहिणींच्या जिवावर उठवलं व्हतं, आन मला खिरीचं बघायला सांगत व्हता.

ती वाटी तशीच भरलेली तुमच्या फोटोम्होरं पाटावर ठेवलीया. पाट तेलकट झाला, होऊ द्या. पानावरचा भात तुमी खायाचा का न्हाई ते कावळा बघंल. ही वाटी समद्यांनी बघायची हाय.

मामा, तुमचा राग मी मनात ठेवून जगणार न्हाई, एवढी मोकळीक तुमाला देते. पन शब्द देते तो चिमीच्या अंगावर हात ठेवून. आता मी तिला काखेत घेऊन फाट्यावर चालले. एसटीतनं उतरणाऱ्या एका बी बाईला, एका बी पोराला मी त्या ट्रॉलीत पाय ठेवू देणार न्हाई. चालत आणीन समद्यांला. आन हितनं पुढं ह्या घरात कोणी धुराचं इचारलं, तर मी तुमचं नाव सांगणार न्हाई. मी बघितला, असं सांगीन.

तुमची सूनबाई,
मनीषा

आन फोटोला दिवा लावायला जे कोणी येईल आन वाटीखालचा हा कागद उचलंल, जाऊबाई असू दे न्हाईतर पावणं असू दे, त्येंच्या पाया पडते. वाटी कोणाला बसवू देऊ नका. वरच्या जाळीत आन पायपात तेल ऱ्हायलं असंल, ते निघाल्याबिगर ट्रॅक्टर चालू झाला तर परत पळंल. तुमच्या फोनवरनं माझ्या भावाला फोन करा. त्याचा नंबर चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिवलाय, वर 'दादा' लिवलंय. त्याला एवढंच सांगा, निळा धूर हाय आन खालचं तेल कमी न्हाई. तो दुसरं काय इचारणार न्हाई, निघंल. हे आन भावजी पौडाहून यायच्या आधी फोन करा.