बाबांवर गेलेली

ती. दादा, नमस्कार, जळफळत का होईना!

इथे सगळं ठीक आहे. शिवणकाम भरपूर आहे, खोली उबदार आहे.

वहिनी लिहितात, डायबेटिस असून तू चहात दोन चमचे साखर घालतोस, तरी तुझी किडनी ठणठणीत. डायबेटिस मलाही आहे, पण मी घास मोजून खाते आणि माझ्याच लघवीतून प्रथिनं जातात, म्हणजे किडनी बिघडायला लागली! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पथ्य सोडू नका, पण हा धोका घराण्यातूनही येतो. एका भावंडाला येतो, दुसऱ्याला नाही."

बाबांची उंची तुला, आवाज तुला, दुकानही तुलाच. मला काय, तर त्यांची किडनी!

आईला कळवू नकोस. बाबांच्या डायलिसिसच्या खेपा तिनेच घातल्यात. तिचे गुडघे कसे आहेत?

तूही दरवर्षी लघवी तपासून घे. स्वच्छच निघेल आणि मी पुन्हा जळेन. जळू दे मला.

तुझी, बाबांवर गेलेली,
धाकटी