झुंबरअक्कांची अर्धी ओळ

मी बेबाबाई कौतिक पाटील, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही अशी शंका ज्याला असेल, त्याने शनिवारी दुपारी माझ्या अहिराणीच्या वर्गात येऊन बसावं.

एक. मेहरूणचं घर माझ्यानंतर मुलगा भूपेंद्र याचं. अट एवढीच की पुढच्या खोलीत शनिवारचा वर्ग किमान दहा वर्षं चालू द्यावा. शाळेत असताना भूपेंद्र मला म्हणाला होता, मित्र आले की अहिराणी बोलू नकोस. ही अट त्याची शिक्षा नाही. त्याच्या दोन्ही मुली याच खोलीत ती भाषा शिकल्या आणि आता बापाच्या चुका काढतात. त्याला ते आवडतं, कबूल करत नाही.

दोन. शिवणयंत्र आणि बँकेत जे उरेल ते सून मोहिनीला. यंत्राचा पट्टा सैल आहे, बदलून घ्यावा.

तीन. माझे यजमान एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांची पान्यांची पेटी माझ्या खाटेखाली आहे. ती कोणाला द्यावी हे ते गेल्यापासून आठ वर्षांत मला ठरवता आलं नाही. माझ्यानंतर भूपेंद्रने ठरवावं.

चार. वर्गाचं कपाट, रेकॉर्डर आणि मुलांच्या वह्या डिंपल महाजन हिला. कॉलेजात असताना ती आजीची बोली शिकायला माझ्याकडे आली, आज वर्ग तीच चालवते. नियम तिचाच: प्रत्येक मुलाने आठवड्याला एका म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्याच्याच शब्दांत आणायचं. मी वाचायला चाळिशीनंतर शिकले, भूपेंद्रच्या जुन्या पुस्तकांवरून, कोणी न शिकवता. त्यामुळे विचारायची हौस मला त्या मुलांपेक्षा जास्त.

कपाटात जात्यावरची गाणी आहेत, हळदीची, कानबाईची आहेत. रडणं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की बाया शब्द जुळवून रडतात. घरात कोणी गेलेलं नसताना ते शब्द तोंडातून काढणं अशुभ, म्हणून ते शिकवता येत नाहीत. कोणी गेलं की ऐकायचे, तेवढंच. आता तसं रडणारी आमच्या माहितीत एकच बाई उरली आहे, माझी नणंद झुंबरबाई, धुळ्याची.

यजमान गेले तेव्हा झुंबरअक्का त्यांच्या उशाशी बसून रडत होत्या. मी डिंपलला हळूच सांगितलं, फोन चालू ठेव. तिने तो ओढणीखाली धरला. अक्का म्हणत होत्या, "आखाजीले माले लेवाले कोन यी रे भाऊ, वाट दखी दखी मन्हा..." आणि ओढणीखालचा उजेड त्यांना दिसला. त्या तिथेच थांबल्या.

"मन्हा भाऊ मरेल शे, आनि तुम्ही गानं भरी राह्यनात?"

एवढं बोलून त्या निघून गेल्या, त्या परत या घरात आल्या नाहीत. लोक डिंपलला दोष देतात. दोष माझा आहे, तो इथे लिहून ठेवते. यजमानांसाठी मी तेव्हा नीट रडलेही नाही, कारण मी ऐकत होते. आणि खोटं कशाला लिहू, ती ओळ पुढे काय होती हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

पाच. माझ्या मयताला झुंबरबाईंनी यावं, ही विनंती. त्या रडल्या तर डिंपलने रेकॉर्डर उघड, त्यांच्या समोर ठेवावा. माझी हरकत नाही. त्यांची असेल तर कोणी गळ घालू नये. वर्गाचं त्या शब्दांवाचून भागेल.

सहा. भाऊ गेल्यावर अक्कांना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आणायला आठ वर्षांत आमच्याकडून कोणी गेलं नाही. मला न्यायला कोण येईल, हे त्या ओळीत विचारलेलं आम्हीच खरं करून दाखवलं. माझ्यानंतर भूपेंद्रने दर आखाजीला धुळ्याला जाऊन आत्याला घेऊन यावं.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. साक्षीसाठी निरोप धाडला तेव्हा अक्का येतील असं वाटलं नव्हतं. आज सकाळच्या गाडीने आल्या. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी खाटेखालून पान्यांची पेटी पुढे ओढून घेतली.

मग म्हणाल्या, "आनि मी तुन्हा पह्यले गऊ ते?"

मी म्हटलं, "मंग मी रडसू अक्का, येई तसं."

"तुन्हं रडनं आयकीसन मी उठी बससू."

रेकॉर्डरचं त्यांनी एवढंच सांगितलं की समोर ठेवा, लपवाछपवी नको. ओळीचं विचारलं तर म्हणाल्या, आत्ता नाही, तुझ्या वेळेला. म्हणजे ती मला ऐकू येणार नाही. ऐकायचं काम डिंपलचं.

अंगठा उठवण्याआधी त्या थांबल्या. "बेबा, आखाजी पंधरा-वीस दिनवर शे. तू मरावर काब्रं?"

माझ्या मरणाची वाट कशाला बघायची, हे खरंच. म्हणून कलम सहामधले "माझ्यानंतर" हे शब्द खोडले आहेत. ते कलम आजपासून लागू. भूपेंद्रला फोन केला आहे. अक्का आजच परत निघतात. इथेच राहिल्या तर आखाजीला कोणाला आणायला जायचं, असं त्यांचं म्हणणं.

जळगाव, १२ एप्रिल २०२५

लिहून देणार: बेबाबाई कौतिक पाटील (सही)

साक्षीदार:
१. जीवराम भिकन चौधरी, शेजारी (सही)
२. झुंबरबाई पुना पाटील, नणंद (डाव्या हाताचा अंगठा), राहणार धुळे, आखाजीला मेहरूण