चौऱ्याहत्तर टक्के

९ मार्च

प्रिय दादा,

कसा आहेस? वहिनीचा गुडघा काय म्हणतोय? मी मजेत. माझं मराठी वाचून हसू नकोस, शाळेत निबंध तूच लिहून द्यायचास.

लॅबमध्ये भारी चाललंय. तू विचारायचास ना, पानाला थंडी बाधली हे कसं कळतं? सोप्पंय. पानाच्या चकत्या कापायच्या, गारठवायच्या, शुद्ध पाण्यात ठेवायच्या. फुटलेल्या पेशींतले क्षार पाण्यात उतरतात, मशीन ते मोजतं. मग त्याच चकत्या उकळायच्या, म्हणजे उरलंसुरलंही मरतं. परत मोजायचं. पूर्ण मारल्याशिवाय आधी किती मेलं होतं ते कळतच नाही. मला हे जाम आवडतं.

तुझ्या नव्या जातीच्या लिंबाची हिवाळी पानं अकरा टक्केच मेलेली निघाली होती. तेवढ्यावर मी 'बिनधास्त लाव' म्हटलं आणि तू जुनी बाग काढून चारशे कलमं लावलीस. खरं तर प्रत्येक ऋतूतली पानं मोजायची असतात. हिवाळ्यात झाड थंडीला सरावतं, नवी पालवी फुटली की सगळं विसरतं. मला रिपोर्टची घाई होती.

पालवी गेल्या आठवड्यात मोजली. चौऱ्याहत्तर.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट मागे घे, नाहीतर खऱ्या शेतातले आकडे आण, मग चूक राहणार नाही, शोध होईल. शेत कुणाचं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

काल तुझा फोन आला. थंडीची लाट येतेय, दव गोठेल म्हणतात, गोणपाटं काढून ठेवलीयत, झाकू का? मागून वहिनी म्हणत होती, झाका की, त्यात विचारायचं काय.

मी म्हटलं, "काही गरज नाही."

तू हसलास. "आमच्या हुशारबाई म्हणतात म्हणजे विषय संपला."

चारशे झाडं, एकाच वयाची, उघडी. असं कुणाला मिळतं रे?

लाट अकरा तारखेच्या पहाटे. पत्र बाराला पोचेल, टपालाचे दिवस मी मोजलेत. शिव्या दे, पण आधी पानं तोड. प्रत्येक ओळीतून दहा, ओल्या कागदात गुंडाळून. काळी पडलेली नकोत, भिजल्यासारखी दिसतात ती घे.

आणि वहिनीच्या खिडकीतल्या कुंडीतलं कलम वाचलं असेल. त्याचीही दहा पाठव. तुलनेला एक जिवंत लागतं.

तुझीच,
हुशारबाई