चांगली का वंगाळ

८ नोव्हेंबर १९७४
आष्ट्याच्या आरोग्य केंद्रातून निरोप. सर्वेचे साहेब येणार. गावातल्या म्हाताऱ्या पेशंटना विचारणार, नर्सबाई घरी येऊन करते त्या सेवेनं तुम्ही समाधानी आहात का. पूर्ण, थोडे, की नाही. घ्या. कापूस वेळेवर येत नाही, जुनी लुगडी उकळून पट्ट्या करतेय मी, आणि हे समाधान मोजायला निघालेत.
तानूआजीची पाठ जरा बरी. झोपून झोपून पडलेली जखम, आता कडेनं नवं लाल मांस धरतेय. सून शेवंता नाकाला पदर लावून दारातच. आजीला कुशीवर वळवायचं ते मीच.

११ नोव्हें.
साहेब आले. इस्त्रीची पँट, नाकाला रुमाल. प्रत्येक घरी मला बाहेर ओट्यावर बसवलं, पेशंटनी मोकळं बोलावं म्हणून. आतलं सगळं ऐकू येत होतं.
हवालदार आबा, ज्यांच्या पायातल्या अळ्या मी चिमट्यानं वेचल्या, ते म्हणाले, "कामाची न्हाई सायब. नुसती येती आन जाती."
तानूआजी: "हात लय जड हाय. वंगाळ बाई."
घरोघर तेच. साहेब माझ्याकडं न बघता जीपमध्ये बसले.
शी. पुवाची किळस मला कधी आली नाही. आज या माणसांची आली. शेवंतानं चहा आणला, तो तिच्यासमोर मोरीत ओतला.

१२ नोव्हें.
गेले नाही. पडून राहिले. आजीला आज कोण वळवणार, असं मनात आलं. मरू दे म्हटलं आणि मीच कूस बदलली.

१३ नोव्हें.
गेले झक मारत. पाठ परत ओली, खोलीभर वास. एका दिवसात. शेवंताला हात लावायला नको, पण तोंड वर करून विचारते, काल का आला न्हाई.
मुकाट धुवत होते. आजी म्हणाली, "बोल की गं."
"जड हाताची बाई काय बोलणार?"
"आगं येडे, तुज्या आदी सुमनबाई हुती. तवा आमी सायबाला म्हणलो लय गुणाची. म्हैन्याभरात इस्लामपूरला उचलून न्हेली. चांगलं माणूस खेड्यात ठिवत्यात व्हय? म्हणून आबानं समद्यांस्नी सांगितलं, हिला नावं ठिवा."
आणि शेजारच्या गावची नर्स, फुकटच्या गोळ्या विकणारी, तिला त्या गावानं साहेबापुढं डोक्यावर घेतलंय म्हणे. एकदाची जावी म्हणून.
आधी हसू आलं, मग डोकं सणकलं. अरे मेल्यांनो, मला विचारायचं तरी.

२२ नोव्हें.
कागद आला. रुग्ण असमाधानी, कामात हयगय. बदली जत, पार दुष्काळी भागात. महिनाअखेर हजर व्हायचं. माझ्या जागी कोण? तीच गोळ्यावाली. चांगल्या कामाबद्दल तिला हे डांबरी रस्त्याचं गाव.
घाण आहे सगळी. जखम निदान धुता तरी येते.
संध्याकाळी हवालदार आबा काठी टेकत आले. "चुकलं पोरी. सायबाला बोलवून खरं सांगतो."
म्हटलं, खरं सांगितलं की इस्लामपूर. खोटं सांगितलं तर जत आहेच. आबांच्या पायाची पट्टी सुटली होती, ती बांधून दिली. राग होताच.

२५ नोव्हें.
आबा चार माणसं घेऊन आष्ट्याला जाऊन आले. साहेब उद्या परत विचारायला येणार.
आज शेवंताला बळंच आत ओढली. जखम बघून पळाली, परसात ओकली. "मला न्हाई जमायचं बाई."
"चूळ भर आणि परत ये."
आली. तोंड वेडंवाकडं, पण आली. आजी पालथी, उशीत तोंड. तशीच म्हणाली, "उद्या काय सांगू गं? चांगली का वंगाळ?"
शेवंताला म्हटलं, एक हात खांद्याला, एक कमरेला. आता तू वळव.