संध्याकाळी वर येणारा तळ

बाबूजी, आपल्या बगीच्यातल्या विहिरीवर आता लोखंडी जाळी बसवली आहे. खडा टाकला तर जाळीवरच टण् करून अडकतो. बोअर झाल्यापासून विहिरीत पाणी किती आहे हे कोणी विचारतही नाही. आज सकाळी मी तिथे उगीच जाऊन उभी राहिले. हातात खडा होता, तो तसाच घेऊन परत आले, आणि तुम्हाला लिहायला बसले.

सौंसरच्या माणसाने समुद्रावर नोकरी करावी याचं त्या वेळी गावाला केवढं नवल होतं. मासळीचा शोध घेत फिरणारं सरकारी जहाज, आणि त्यावर खोली मोजणाऱ्या यंत्रापाशी तुमची ड्युटी. वर्षातून एकदा सुट्टी, तीही मृग बहाराची संत्री तोडायच्या दिवसांत. पांढुर्ण्याला गाडीतून उतरून बसने सौंसरला यायचे तुम्ही. स्टँडवर पानवाला ओरडायचा, "का हो जहाजवाले, आणली का मासोळी?" आणि तुम्ही म्हणायचे, "आणली होती बाप्पा, पर ते मोहगावलेच उतरून गेली." तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आई माझी वेणी घालताना केस जरा जास्तच ओढून बजावत असे, "सुट्टीवर आलेल्या माणसाले रडगाणं सांगायचं नाही. चार दिवस येते तो माणूस. समजलं का?" मला समजायचं. तिचा ताप, वाळलेली संत्र्याची झाडं, पावसाळ्यात गळणारी मधली खोली, सगळं आम्ही दोघी तुमच्या सुट्टीपुरतं गिळून टाकायचो. बगीचा सांभाळणारे काकाही आमच्यात सामील. घर कसं झाडून-पुसून, हसून-बोलून तयार असायचं.

मी नन्सच्या शाळेत सातवीत होते त्या वर्षीची सुट्टी मला सगळ्यात जास्त आठवते. दुपार आहे. बगीच्यात तोडलेल्या संत्र्यांचे ढीग पडले आहेत, मजूर जेवायला सावलीत बसले आहेत, आणि आपण दोघं विहिरीच्या काठावर. तुम्ही खिशातून कागदाची एक गुंडाळी काढता. तुमच्या यंत्राची पट्टी. यंत्र खाली आवाज सोडतं, आवाज कशाला तरी आपटून परत येतो, आणि यंत्रातली सुई तो कागदावर उमटवते, इतकं मला आधीच्या सुट्टीत कळलं होतं. पट्टीवर एक जाड, करडी रेघ आहे.

"हे काय हाय, सांग."

"तळ," मी म्हणते.

"आमच्या जहाजावरच्या नव्या लोकायलेही असंच वाटते. आता पुढं पाह्य." तुम्ही गुंडाळी उलगडत नेता, आणि ती रेघ हळूहळू तिरकी होत वर चढू लागते. "इथं दिवस बुडाला. पाह्य, कसा वर येऊन राहिला. समुद्राचा तळ कधी वर येते का?"

"मग काय आहे ते?"

"जीव हायेत, बाई. बोटाएवढ्या मासोळ्या, झिंगे, पाण्यासारखेच दिसणारे काही. लाखोंनी. मासोळीच्या पोटात हवेची इवलीशी पिशवी राह्यते, तिले आवाज लागून परत येते. दिवसा खाली अंधारात लपून राह्यतात, कोणाच्या नजरेत येऊ नाही म्हणून. दिवस बुडाला का वर येतात खायले. उजाडलं का पुन्हा खाली. रोज." मग तुम्ही रेघेच्या खालची दुसरी, फिकट रेघ दाखवली. ती फारशी हलत नव्हती. "हे आणखी दुसरे. ह्यायचं मन निराळं, हे वर येत नाहीत. आणि खरा तळ तर या कागदात मावतच नाही."

आमच्या सिस्टरनी नकाशातला समुद्र एकसारखा निळा रंगवायला शिकवला होता. रंग रेघेबाहेर गेला की छडी. त्या सपाट निळ्याखाली थरावर थर जिवंत आहेत आणि ते रोज वर-खाली जातात, हे ऐकून मला घाबरल्यासारखं झालं. मी विचारलं, "मग तळ आहे की जीव, ते कळतं कसं?"

"थांबा लागते," तुम्ही म्हणालात. "एका आवाजानं नाही कळत. संध्याकाळपर्यंत थांबा लागते. तळ असन तर जागचा हलणार नाही."

मग पाणी किती ते पाहायला आपल्याकडचे सगळेच करतात तसं तुम्ही पायाजवळचा एक खडा उचलून विहिरीत सोडलात. काकांनी सकाळीच सांगितलं होतं, पाणी भरपूर हाय, तू फिकर नोको करू. खडा पडायला फार वेळ लागला. मला वाटलं, आवाज येणारच नाही. आला तेव्हा तो खूप खालून आणि बारीक आला. तुम्ही मान वाकवून तसेच उभे राहिलात. काकांचं नाव काढलं नाहीत. फक्त विचारलंत, "घरी सगळं बरं हाय ना वं?"

"हो," मी म्हणाले.

तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "हे दुपारचं उत्तर हाय."

एरवी दिवस कलला की तुम्ही चौकात मित्रांकडे जायचे. त्या दिवशी स्वयंपाकघरात पाट घेऊन भिंतीला टेकून बसलात आणि लसूण सोलायला घेतलात. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. "अजी, आज चौकात नाही जात का? मंडळी वाट पाहून राहिली असन."

"पाहू दे."

"मंग पाय तरी आवरा, मले सरकाले जागा नाही." थोड्या वेळाने माझ्याकडे मान उडवून म्हणाली, "तुमच्या मडमेले लय गोष्टी सांगितल्या म्हणते समुद्राच्या. मले नाही सांगितल्या कधी."

"तू इचारल्याच नाही."

"इचारू कव्हा? येता चार दिवस."

तुम्ही लसूण सोलत राहिलात. खिडकीतला उजेड गेला, कोणी दिवा लावायला उठलं नाही. चुलीच्या लाल उजेडात आईची फक्त पाठ दिसत होती. थापण्याचा आवाज चालू होता, मग थांबला.

"मले करमत नाही," आई म्हणाली. वळून न पाहता.

"कव्हापासून?"

"लग्न झाल्यापासून."

मला हसू येईल असं वाटलं आणि आलं नाही. मग एकेक वर येत गेलं. विहीर, ताप, झाडं, गळणारी खोली, सणाला एकटीने नेसलेलं लुगडं. तुम्ही मान वाकवून ऐकत राहिलात. तुमच्या जहाजावर यंत्रापाशी तुम्ही कसे बसत असाल, ते मला त्या संध्याकाळी दिसलं. तव्यावरची भाकरी करपली.

तुम्ही ठरल्या दिवशी परत गेलातच. पण त्या वेळी आई पहिल्यांदाच पांढुर्ण्याच्या स्टेशनापर्यंत तुम्हाला पोचवायला आली. काही वर्षांनी नोकरी सोडून तुम्ही घरी आलात, तेव्हा माझं लग्न होऊन मी नागपूरला गेले होते. मी यायचे तेव्हा तुम्ही दोघं ओसरीवर संत्री सोलत बोलत बसलेले असायचे. मला पाहून बोलणं थांबवायचे, फोडी पुढे करायचे, विचारायचे, "बरं हाय ना तुझं?" मी हो म्हणायचे. दुपारच्या बसने येऊन दिवस बुडायच्या आतल्या बसने मी परत जायचे, बाबूजी. दर वेळी. तुम्ही एकदाच म्हणालात, "आज राह्य." मी राहिले नाही. घरी स्वयंपाक पडला होता, आणि राहिले असते तर तुम्हाला माझ्या संसाराचं सगळं कळलं असतं.

आता तुम्ही नाही, आई नाही, नागपूरचं घरही उरलं नाही. मी इथेच राहते. लेक दूर देशात आहे. चांगला आहे तो, न चुकता फोन करतो. "आई, बरी आहेस ना?" "मजेत आहे रे," मी सांगते, आणि माझा आवाज अगदी खणखणीत असतो. दिवेलागणीला मात्र ओसरीवर बसवत नाही. आत येऊन मी रेडिओ लावते, तो कोणी ऐकत नाही.

तुमच्या जहाजाला पत्र टाकलं की ते बंदराबंदरातून फिरत तुम्हाला गाठायचं. या पत्राला बंदर नाही, म्हणून ते संत्र्यांच्या टोपलीखाली ठेवते आहे. एक तेवढं सांगून. लेकाला मी बजावून ठेवलं आहे, फोन दुपारीच करत जा, संध्याकाळी मी कामात असते. बाबूजी, संध्याकाळी मला काहीच काम नसतं.